चूळ भरायच्या आधी

माझ्या मुलाची पोरं सुट्टीत लोणावळ्याला आली की सकाळी डोळे चोळत चुलीपाशी येऊन बसतात. धाकटी चार वर्षांची आहे. बसल्या बसल्या तिचं सुरू होतं, "आजी, मला ना रात्री स्वप्न पडलं..." मी तिथल्या तिथे तिला गप्प करते. "आधी चूळ भर जा. तोंड धू. मग सांग काय सांगायचं ते." सूनबाई म्हणते, "ऐकून घ्या की हो, लेकरू आहे." तिचं बरोबर आहे. पण तोंड धुऊन येईपर्यंत पोर निम्मं विसरलेली असते, आणि मला तेच हवं असतं. सकाळच्या पारी लेकराकडून स्वप्न काढून घेतलं की काय होतं ते मी भोगलेलं आहे.

मी बिजवराला दिलेली. आंबीची मी, शेतकऱ्याची लेक, मुलग्यांच्या शाळेत बसून चार यत्ता शिकलेली आणि त्याचा भलताच तोरा असलेली. सतराव्या वर्षी लग्न होऊन लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत आले. विलायतेतली पहिली लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. गाडी घाट चढताना मागून ढकलायला जे इंजिन लावायचे, त्याच्यावर कोळसा मारायच्या कामाला आमचे मालक होते. त्यांची पहिली बायको बाळंतपणात बाळासकट गेली, त्याला वर्ष झालं होतं. मागे राहिली होती एक पोरगी, पाचाला टेकलेली, काळीसावळी, मोठ्या डोळ्यांची. बापाचं तोंड दिवसातून घटकाभर दिसायचं तिला, तेही कोळशानं माखलेलं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी इंदुरीला, सासरच्या घरी, सासूबाईंनी माझ्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला सवतीचा टाक बांधला. चांदीचा नखाएवढा पत्रा आणि त्यावर ठशानं उठवलेली एक बाई. सोनार सगळ्यांना एकाच ठशातून काढून देतो, त्यामुळे ती बाई कुणाचीही सवत असू शकते. "ही तुझ्या आदीची," सासूबाई म्हणाल्या. "हळदीकुंकू आदी हिला, मग तुला. आन पोरीच्या सपनात येत असंल ती. रोज सकाळी पोरीला इचारायचं, आई आलती का, काय म्हनली. चूळ भरायच्या आदी इचारायचं. तोंड धुतलं की सपान धुतलं जातं. ती जे मागंल ते द्यायचं. न्हाई दिलं तर तुझी कूस उजवायची न्हाई."

मी मान हलवली. मनात म्हटलं, बरं बाई, जिवंत सवतीपेक्षा मेलेली जड दिसते.

पोरगी मला कशानंच हाक मारायची नाही. 'ए' नाही की 'अगं' नाही. पाणी हवं असलं की येऊन हंड्याकडे बघत उभी राहायची. चाळीतल्या बाया तिला शिकवायच्या, "आई म्हन गं, आई म्हन." ती जमिनीकडे बघायची. आणि मला तर तेवढंच हवं होतं हो. सोनं नको होतं, लुगडं नको होतं. सतरा वर्षांच्या पोरीला आई म्हणवून घ्यायची एवढी हाव कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण होती. तिनं एकदा आई म्हटलं की त्या घरात मी पाहुणी राहणार नाही, असं मला वाटायचं.

तर रोज सकाळी मी चूल पेटवायची आणि पोर उठून बसली की विचारायची, "आई आलती का गं सपनात?" पहिले चार दिवस ती नुसती बघत राहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, "आलती."

"काय म्हनली?"

"पेरू मागितला."

पेरू आणला. आता मेलेल्या माणसाच्या नावानं आणलेलं खायचं कुणी? लेकीनं. तिनं बियांसकट फस्त केला. दोन दिवसांनी आईनं रेवड्या मागितल्या. मग हिरव्या बांगड्या मागितल्या, त्या नेमक्या पोरीच्याच मापाच्या. मनी वसे ते स्वप्नी दिसे! मला हसू यायचं, पण आणून दिलं सगळं. कुशीचा प्रश्न होता, तिथे कोण पैज लावतो?

पण मागण्या संपल्या की पोर दुसरंच काही सांगायला लागायची. "आई आमटीत गूळ टाकत व्हती. लय न्हाई, एवढा," असं म्हणून अंगठ्याचं टोक दाखवायची. कधी सांगायची, आई जात्यावर बसली होती आणि उजवा पाय लांब सोडला होता. कधी आई पदर दातात धरून केस बांधत होती. हे काही पाच वर्षांच्या पोरीला रचून सांगता येण्यासारखं नव्हतं. माझ्या अंगावर काटा यायचा. खरंच येते की काय ही बाई?

ऐकणारी मी एकटी नव्हते. मालक रातपाळी करून यायचे ते बरोबर त्याच वेळेला. बाहेर दाराशी पायतण काढायला वाकायचे आणि वाकलेलेच राहायचे. पोरीचं सांगून होईपर्यंत आत पाऊल टाकायचे नाहीत. मग येऊन गपचूप न्हाणीत जायचे. एक दिवस मला कळून चुकलं की माझा नवरा रोज सकाळी लेकीच्या तोंडून बायकोला भेटतोय, आणि ती भेट रोज मीच घडवून आणतेय. जळफळाट झाला माझा. पण भांडणार कुणाशी? गळ्यातल्या पत्र्याशी?

मी एक केलं. आमटीत अंगठ्याच्या टोकाएवढा गूळ टाकला. दोन घास खाऊन मालक थांबले. म्हणाले, "आनखी वाड." जेवताना त्यांनी तोंड उघडून काही मागितलं ते लग्नानंतर पहिल्यांदाच. मग मला नादच लागला. जात्यावर बसले की उजवा पाय लांब सोडायची. केस बांधताना पदर दातात धरायची. पोर जे जे सांगेल ते ते उचलायची. ती माझ्याकडे टक लावून बघायची आणि मला वाटायचं, आता म्हणेल, आता म्हणेल. म्हणायची मात्र काही नाही.

श्रावण आला. आमच्या त्या चाळीत श्रावणात धुकं घरात शिरायचं, भिंतींना हात लावला तर ओला व्हायचा, आणि कपडे शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवावे लागायचे. लग्नानंतरची पहिली नागपंचमी माहेरी करायची असते. शेजारच्या दोघी नव्या पोरींना न्यायला त्यांचे भाऊ आले. माझ्या भावाचाही निरोप आला होता, पण सासूबाईंनी इंदुरीहून परस्पर कळवून टाकलं, "पोरीला कोन बगंल? पुढच्या साली बगू." मालक काही बोलले नाहीत. ते कधी काय बोलले म्हणून तेव्हा बोलतील? मी धुण्याच्या दगडावर बसून हमसून हमसून रडले. वरून पाऊस पडत होता, तेव्हा कुणाला कळलं नसेल असं समजले.

आणि राग कुणावर तरी काढायचा म्हणून, संध्याकाळी पोरीनं शेगडीवरचं लुगडं ओढून राखेत पाडलं तेव्हा तिच्या पाठीत धपाटा घातला. चांगला सणसणीत. ती रडली नाही. नुसती बघत राहिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला, पण जवळ घ्यायला हात काही पुढे झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "आई आलती?"

"आलती."

"काय म्हनली?"

पोर माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हनली, हिला हिच्या घरी धाडा."

दारात मालक वाकलेले होते, ते सरळ उभे राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे धपाटा पोहोचला तर तिथवर! मी म्हटलं, "ऐकलंसा? धाडा मग. तिचं कदी मोडलंय का या घरात कुनी?" मला वाटलं होतं, नवरा म्हणेल, गप बस, लेकराचं काय ऐकतीस. नवरा म्हणाला, "तिनं म्हटलंया तर..." मी गाठोडं बांधलं. त्यांनी न्हाणंसुद्धा केलं नाही, तसेच काळ्या तोंडानं मला ठेसनावर नेऊन गाडीत बसवलं. पोर चाळीच्या कोपऱ्यावर उभी होती. ती हसत होती, आणि ते हसणं मला किती लागलं ते मी सांगू शकत नाही.

तळेगावला उतरून चिखल तुडवत आंबीला पोहोचले. बाहेर आई सूप पाखडत होती. मला बघून तिनं सूप टाकलं. "आलीस गं बाई पंचमीला! मला ठावं व्हतं, जावई मनाचं चांगलं हायत." आता हिला काय सांगायचं? मी पडलेलं सूप उचललं. पंचमीला गावातल्या बायांनी फेर धरले, चिंचेला झोके बांधले. मीही बसले झोक्यावर. झोका वर गेला की वाटायचं, इथूनच ओरडून सांगावं सगळ्यांना, की मी पंचमीला आले नाही, मला मेलेल्या सवतीनं हाकलून दिलंय.

पंचमी झाली. पुनव झाली. गोकुळअष्टमी झाली. आई रोज वाटेकडे बघायला लागली. बाबा काही न विचारता माझ्याकडे बघायचे, ते जास्त कठीण. आणि मी? मला त्या घराची ओढ लागली होती, काय सांगू! सकाळी जाग आली की हात चुलीकडे जायचे नाहीत, आधी पोर कुठंय ते चाचपायचे. पोरीच्या केसांना खोबरेलाचा आणि धुराचा वास यायचा, तो आठवायचा. ज्या पोरीनं घालवून दिलं तिच्यासाठीच जीव तुटत होता. म्हटलं ना, हाव होती.

अष्टमीनंतर तिसऱ्या दिवशी मालक आले. डोक्यावर इरलं, खांद्यावर पोर, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. ओट्यावर टेकले, पाणी प्यायले, आणि मला म्हणाले, "पोर सपान सांगंना झालीया. तू गेल्यापास्नं येक बी न्हाई. माझी आई इंदुरीहून येऊन राहिलीया, ती इचारती, तरी न्हाई. जेवत बी न्हाई नीट."

नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. म्हणजे मला न्यायला नाहीच आले, स्वप्न हरवलं म्हणून शोधायला आलेत! सणसणीत उत्तर जिभेवर आलं होतं. पण पोरीकडे लक्ष गेलं. बापाच्या मागे लपली होती आणि गालफडं बसली होती तिची. मी तिचा हात धरून तिला गोठ्यात नेलं.

"का गं, जेवत का न्हाईस?"

तिनं म्हशीपुढे गवताची काडी टाकली. मग म्हणाली, "पंचमी झाली. तू आलीच न्हाईस."

"कशी येनार? तुझ्या आईनंच घालवली ना मला!"

"घालवली न्हाई," ती चिडून म्हणाली. "तू धुन्यावर बसून रडत व्हतीस. माहेरी जायाचं म्हून. आजी न्हाई म्हनली. आन आईनं मागितलं की समदी देत्यात. म्हून मी तसं म्हटलं."

मी मटकन खाली बसले, शेणात बसले की गवतात तेही कळलं नाही. मी तिला धपाटा दिला होता आणि तिनं मला माहेर दिलं होतं. त्या घरात हवं ते मिळायची एकच वाट तिला ठाऊक होती, ती तिनं माझ्यासाठी वापरली होती. तिला पोटाशी धरावं म्हणून हात पुढे केला, तर माझ्या डोक्यात दुसरंच आलं.

"मग आई आली तवा तिनं आपल्या मनानं काय मागितलं?"

"आई येतच न्हाई," पोर म्हणाली.

"म्हंजी? त्या दिवशी न्हाई आली?"

"कदीच न्हाई. मी डोळं मिटून हाका मारती. लय येळ मारती. न्हाई येत."

"मग रोज सांगत व्हतीस ते?"

"तू इचारतीस म्हून. आई कशी करायची ते मला ठावं व्हतं, ते सांगत व्हते." तिचा आवाज बारीक झाला. "आता सरलं समदं."

पाच वर्षांच्या पोरीकडे आईची म्हणून आठवण असून असून किती असणार? मूठभर. तेवढी मूठ मी रोज सकाळी, चूळसुद्धा भरू न देता, तिच्याकडून काढून घेतली होती. आणि बाहेर ओट्यावर तिचा बाप बसला होता, आणखी हवं म्हणून आंबीपर्यंत चालत आलेला.

त्याला हे सांगायची माझी छाती झाली नाही. पोरीला म्हटलं, "तुझ्या बाला सांगू नगं. मी येती तुझ्यासंगं. सपान आपुन दोगी मिळून सांगू." तिनं माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा आपण होऊन माझं बोट धरलं.

मग आमचा तोच उद्योग झाला. निजताना मी तिच्या कानात सांगायची, उद्या आई काय करत होती म्हणायचं ते. मी त्या बाईला कधी पाहिलेलं नाही, मग सांगणार काय? जवळ होतं ते दिलं. आई भाकरी थापत होती आणि तिच्या नाकाला पीठ लागलं होतं. आई पावसाला शिव्या देत होती. आईनं तोरा दाखवत पाटीवर नाव लिहून दाखवलं. सकाळी पोर हे रंगवून रंगवून सांगायची आणि दारात वाकलेले मालक ऐकायचे. हळूहळू ते हसायला लागले. पुढे पुढे वाकायचं सोडून सरळ आत येऊन बसायला लागले. पोरीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मला लाज वाटायची आणि, खोटं कशाला बोलू, मजाही यायची. पोर माझ्या कुशीत झोपायची, माझ्याशी भांडायची, माझ्या हातचं खायची. हाक मात्र कशानंच मारायची नाही. तेवढं एक राहून राहून टोचायचं. वाटायचं, एवढं सगळं माझं आहे, तेवढंच तिचं का?

असं वरीसभर गेलं. पुढच्या थंडीतली गोष्ट. सकाळी मी चुलीपुढे होते, तर पोर झोपेतून धडपडत उठून आली. केस विस्कटलेले, डोळे लख्ख.

"आली!" ती म्हणाली. "खरं आली. शप्पत. आपुन ठरवलंच नव्हतं काय आज, तरी आली!"

माझ्या हातातली फुंकणी पडली. "आन?"

"मला उचलून घेतलं. लय येळ घेतलं. खाली ठेवलंच न्हाई."

"कशी दिसत व्हती गं?" मी अधाशासारखं विचारलं. इतक्या दिवसांनी मला त्या बाईचं तोंड कळणार होतं.

पोर सांगायला गेली आणि अडखळली. माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं बोट वर केलं आणि माझ्या डाव्या भुवईवर ठेवलं. लहानपणी विळा लागून तिथे चीर पडलेली आहे, तिच्यात केस उगवत नाहीत. "हितं हे व्हतं," ती म्हणाली.

आधी झाला आनंद. नाही कशाला म्हणू? आणि पाठोपाठ कळलं. एवढ्या हाका मारल्यावर आली ती मीच.

मालक दारात होते. मी त्यांना म्हटलं, "अवो, बसा हितं. पोरीला तिची आई कशी दिसायची ते सांगा. आत्ता सांगा."

ते बसले. घसा खाकरला. "उंच व्हती," म्हणाले. "म्हंजी... लय न्हाई. आमटीत गूळ टाकायची."

"ते न्हाई. तोंड सांगा. नाक कसं, डोळं कसं?"

त्यांनी डोळे मिटले. चुलीतलं लाकूड धुरायला लागलं तरी कुणी ते आत सारलं नाही. मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचं काळं तोंड एखाद्या लहान पोरासारखं वाकडं झालं. "तुझ्याबिगर काय दिसंनाच झालंय," ते म्हणाले.

सासूबाईंना विचारलं असतं तर त्यांनी नाकीडोळी वर्णन केलं असतं. चाळीतल्या बायांनीही केलं असतं. पण ते ऐकून काय करायचं? जगात दोनच माणसं तिला डोळे मिटून बघायला धडपडत होती, आणि दोघांच्याही डोळ्यांपुढे मी जाऊन उभी राहिले होते. तिचा पाय, तिचा पदर, तिचा गूळ, सगळं घेऊन.

मी चुलीपुढे बसून रडले. जिचं तोंड पाहिलं नाही, जिच्यावर वर्षभर जळले, त्या बाईसाठी रडले. एकदा तरी दिसावी, माझ्या घरातून जाऊ नये, असं मला त्या दिवशी जितकं वाटलं तितकं त्या दोघांनाही वाटलं नसेल. पोर मागून आली आणि माझ्या पाठीला बिलगली.

"रडू नगं ना, आई," ती म्हणाली.

आणि मला ओ देता येईना.